पाच डॉलरचा संगणक आणि वाळलेली कणीक

सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन बाजारात आणला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती. चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणं असभ्य दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना धास्ती होती, म्हणून शेजारच्याची सोय यंत्रातच करून ठेवली होती. पुढच्या साडेतीन दशकांत जग एवढं सभ्य झालं की २६ नोव्हेंबर २०१५ ला रास्पबेरी पाय झीरो नावाचा संगणक आला आणि त्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. शेजारच्याचं नाही आणि आपलंही नाही.

संगणक म्हणजे अगदी खराखुरा संगणक. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३०, वजन नऊ ग्रॅम, किंमत पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीनशे रुपयांच्या आत. तो बनवणाऱ्या केंब्रिजच्या मंडळींनी आपल्या 'मॅगपाय' मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो चक्क फुकट चिकटवून दिला. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर फार तर दिनदर्शिका मिळते. जाडी पाच मिलिमीटर ठेवायची तर भोकाला जागा कुठून आणणार? भोकच संगणकाहून उंच झालं असतं. पुढच्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन ७ मधून हेच भोक काढून टाकलं आणि भर व्यासपीठावरून त्याला 'धैर्य' म्हटलं. रास्पबेरीवाल्यांनी ते दहा महिने आधीच करून दाखवलं होतं आणि त्याला काहीच नाव दिलं नव्हतं. पाच डॉलरमध्ये धैर्य बसत नसावं.

आमच्या सिडकोतल्या घरी या संगणकाचा धाकटा भाऊ, वायफाय असलेला झीरो डब्ल्यू, भाच्याच्या खिशातून आला. भाचा म्हणजे यांच्या बहिणीचा मुलगा. मूळचा अंबडचा, इथे इंजिनिअरिंगला आहे आणि राहायला आमच्याकडे. त्याच्या कॉलेजातल्या एका सिनियरने पास होऊन पुण्याला जाताना कॉट, बादली आणि हा संगणक असा एकत्र सौदा केला होता. कॉट आणि बादली आम्हाला समजल्या.

घरात त्याला काम निघालं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर पैठणचं. नाथांची भारुडं आणि वेगवेगळ्या बुवांची कीर्तनं यांच्या कॅसेटचा त्यांच्याकडे एक ट्रंकभर साठा आहे, आणि पहाटे साडेचारला त्यातली एक लागते. आमच्या टेपरेकॉर्डरने पंचवीसेक वर्षं ही सेवा केली आणि एका पहाटे पट्टा तोडून घेतला. भाच्याने सगळ्या कॅसेटींचा आवाज संगणकात उतरवून घेतला. मग त्याने योजना मांडली: एक छोटी डबी, तिला एक बटण. आजीने बटण दाबलं की कीर्तन सुरू, पुन्हा दाबलं की पुढचं. आणि आवाज फक्त आजीच्या कानात. हे शेवटचं वाक्य ऐकून यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. या घरात कुठल्याही योजनेला इतक्या वेगाने मंजुरी मिळालेली मी पाहिलेली नाही.

आता कुणी म्हणेल, फोनवर ऐकवा की. ऐकवलं. पण कीर्तन रंगात आलं की सासूबाईंना कर्ज पाहिजे का असं विचारणारा एखादा फोन येतो, आणि सासूबाई समोरच्याला नुसतं 'नको' म्हणून सोडत नाहीत. तो कुठला, घरी कोण कोण, जेवला का, हे सगळं झाल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. तोवर बुवा पुढच्या अभंगावर गेलेले असतात. म्हणून डबी.

डबी ठरल्यावर भाच्याने संगणक उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मामी, आवाज आत आहे. त्याला बाहेर यायला दार नाही." बावन्न दरवाजांच्या शहरात हे ऐकायला जरा विचित्र वाटलं. इथे भडकल गेटपासून दिल्ली गेटपर्यंत नुसते दरवाजेच दरवाजे, काहींना तर भिंतही उरलेली नाही. आणि हा एक गडी, नुसती भिंत घेऊन बसलेला.

रीतसर दार एकच होतं. या संगणकाचा आवाज चित्राच्या बरोबरीने, मिनी एचडीएमआय नावाच्या चपट्या भोकातून टीव्हीत जातो. जोडला. ज्या शहराजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावात, व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत, तिथे टीव्हीला काय तोटा? दिवाणखान्यात काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि मागून बुवांचा निरूपणाचा आवाज, असा कार्यक्रम सुरू झाला. सासूबाईंनी थोडा वेळ भक्तिभावाने ती अक्षरं पाहिली. पण पहाटे साडेचारला दिवाणखान्यात बेचाळीस इंची टीव्हीतून कीर्तन, म्हणजे टेपरेकॉर्डर बरा होता म्हणायची वेळ. मंजुरी देणाऱ्यांनी डोक्यावरून पांघरूण घेतलं.

ब्लूटूथचं प्रकरण लवकर आटोपलं. झीरो डब्ल्यूवर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, एकाच अँटेनाच्या आधाराने राहतात. वायफाय कामात असलं की ब्लूटूथ अडखळतं, आणि बुवा "ज्ञा… ज्ञा… नोबा" म्हणू लागतात. शिवाय कानात घालायच्या वस्तूला रोज चार्जिंग करायचं, हे सासूबाईंना पटलं नाही. त्यातला एक दाणा तांदळाच्या डब्यात सापडला तेव्हा विषय संपला.

मग यूएसबी. एक अंगठ्याएवढं साउंड कार्ड मिळतं, त्याला हेडफोनचं भोक असतं. ते आणायला आम्ही दोघं पैठण गेटला गेलो. मोबाइलच्या वस्तूंसाठी सारं शहर तिथेच जातं. दुकानदाराने विचारलं, "मोबाइल कौनसा है?" भाच्याने संगणक काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो दोन बोटांत उचलून दिव्याकडे धरला. "ये तो चार्जिंग की पट्टी है. किसकी है?" भाचा म्हणाला, हा पूर्ण संगणक आहे. दुकानदाराने आतल्या पोराला हाक मारली, पोराने शेजारच्या दुकानदाराला, आणि बघता बघता चार-पाच जण काउंटरवर वाकले. "जॅक किधर है इसमें?" "नाही." "तो फिर लिया कायकू?" या प्रश्नाला इंजिनिअरिंगच्या कुठल्याच वर्षाला उत्तर शिकवत नाहीत. साउंड कार्ड मिळालं, ते जोडायला ओटीजीची वायर मिळाली, आणि त्या दोन्हींची किंमत मिळून स्वस्त संगणकाचा 'स्वस्त' हा भाग मागे पडला. आधीच मेमरी कार्ड वेगळं, चार्जर वेगळा, मिनी एचडीएमआयची पिन वेगळी. स्वस्त वस्तू घेण्यात पैसे फार जातात.

घरी येऊन सगळं जोडलं, बटण दाबलं. शांतता. तिचा उगम शोधता शोधता कळलं की संगणक कीर्तन ऐकवत होता, पण एचडीएमआयच्या दारातून, म्हणजे तिथे न लावलेल्या टीव्हीला. त्याच्या लेखी ते कार्ड क्रमांक शून्य, यूएसबीचं क्रमांक एक, आणि शून्याचा मान पहिला. तो मान बदलला. तरी शांतता. लिनक्समध्ये आवाजाचा कारभार अल्सा नावाच्या व्यवस्थेकडे आहे. तिच्यावर बसायला पल्सऑडिओ आला, आणि मग त्याच्या जागी पाइपवायर आला. माझ्या माहितीतल्या बऱ्याच हाउसिंग सोसायट्यांचा कारभार याहून साधा आहे. भाच्याने अल्साचा पडदा उघडला. त्यात आवाजाचे उभे खांब दिसतात. खांब पूर्ण भरलेला, शंभर टक्के. पण त्याच्या बुडाशी दोन बारीक अक्षरं: 'एम एम'. म्हणजे म्यूट. आवाज पूर्ण दिला आहे, फक्त तोंड दाबून. जगातल्या कित्येक लोकांनी या दोन अक्षरांपायी चांगले हेडफोन फेकून दिले असतील.

तोंड मोकळं केल्यावर चाचणी. चाचणीची आज्ञा दिली की पहिल्यांदा नुसता खरखराट येतो. सासूबाई म्हणाल्या, "स्टेशन लागत नाहीये. थोडं डावीकडे फिरव." मग भाच्याने दुसरी चाचणी लावली. त्यात एक बाई शांतपणे इंग्रजीत सांगते: फ्रंट लेफ्ट. फ्रंट राइट. सासूबाईंनी बराच वेळ ऐकलं. "कुणाला रस्ता सांगू राहिली ही?" त्यांनी विचारलं. "इतका वेळ सांगतेय, रिक्षावाल्याला अजून कळेना का?"

खरं तर इथे काम झालं होतं. कीर्तन कानात ऐकू येत होतं, घर झोपलेलं होतं. पण भाच्याने हाच आपला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून नोंदवला होता, आणि गाईड सरांनी डबी हातात घेऊन विचारलं, "यात तू काय केलं? हे तर विकत आणलं." गाईडच्या बोलण्यात तथ्य होतं. संगणक सिनियरचा, कार्ड पैठण गेटचं, बुवा पैठणचे. भाच्याचं फक्त बटण.

म्हणून भिंत फोडायचं ठरलं.

झीरोच्या कडेला दोन रांगांत मिळून चाळीस बारीक भोकं असतात. त्यांना जीपीआयओ म्हणतात. त्यांतल्या काहींतून संगणक स्वतः आवाज काढू शकतो. रास्पबेरीच्या २०१२ सालच्या पहिल्या मोठ्या संगणकापासून पाय ४ पर्यंत सगळ्या मोठ्या भावांना जे हेडफोनचं भोक होतं, त्याच्या मागे हेच तंत्र होतं. झीरोत त्या पहिल्या संगणकाचीच चिप आहे, फक्त पुढचे दोन-चार सुटे भाग आणि भोक बसवलेलं नाही. (२०२३ च्या पाय ५ वरून मोठ्या भावाचंही भोक गेलं. घराण्याचा वारसा उलटा धाकट्याकडून थोरल्याकडे.) आवाज निघतो जीपीआयओ १८ आणि १३ मधून. पण १८ शोधायला अठराव्या भोकाशी जायचं नाही, ते बाराव्या जागी आहे, आणि १३ हे तेहेतिसाव्या. भाचा मला हे फार जपून समजावत होता. मी म्हटलं, अरे, एकाच ठिकाणाला दोन नावं असली तर आपण काय पहिल्यांदा पत्ता शोधतोय का?

कॉन्फिग नावाच्या फाइलीत एक ओळ लिहिली की या दोन पिनांना आवाजाचं काम लागतं. ही फाइल पूर्वी 'बूट'मध्ये असायची, २०२३ पासून ती 'बूट'मधल्या 'फर्मवेअर'मध्ये राहायला गेली आहे. जुन्या पत्त्यावर नुसती पाटी उरली आहे. ते एक असो.

"आता ऐका, मामी," भाचा म्हणाला, "या पिनेला फक्त दोनच गोष्टी कळतात. एकतर ३.३ व्होल्ट, नाहीतर शून्य. मधलं काही नाही."

"बरं."

"पण आवाज म्हणजे सगळा मधलाच कारभार असतो. थोडा वर, थोडा खाली. मग पिन काय करते, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. जास्त वेळ चालू राहिली की सरासरी जास्त, कमी वेळ राहिली की कमी. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. पण हे असे धक्के कानाला चालत नाहीत, म्हणून पुढे एक अशी गोष्ट लावायची की जी हे धक्के पोटात घेईल आणि पुढे एकसारखं…"

"टाकी," मी म्हटलं.

तो थांबला. त्याने बॅगेतून वही काढली, तीत काहीतरी पाहिलं आणि परत ठेवली.

मला तर यात नवल वाटलं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात या गावाला नहर बांधून दिली, तेव्हा इथलं पाणी अखंड वाहत होतं. आताचं पाणी डिजिटल आहे. एकतर आहे, नाहीतर नाही, मधलं काही नाही. जायकवाडीहून पन्नासेक किलोमीटर येतं आणि कधी पाच दिवसांनी, कधी आठ दिवसांनी, पाऊण तास नळाला असतं. पण म्हणून आमच्या स्वयंपाकघरातला नळ काय पाच दिवस कोरडा असतो? तो रोज, सकाळ-संध्याकाळ, तीच धार देतो. कारण गच्चीवर टाकी आहे. महिन्यातून चार-पाच धक्के येतात ते टाकी पोटात घेते आणि खाली एकसारखं सोडते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला लो-पास फिल्टर म्हणतात. आमच्या गल्लीत तो प्रत्येकाच्या डोक्यावर आहे, काळ्या रंगाचा, हजार लिटरचा. पाणी किती वेळ असतं आणि किती वेळ नसतं, या हिशेबाला तिकडे ड्यूटी सायकल म्हणतात. इकडे त्याला 'आज आपली पाळी आहे का' म्हणतात.

मग भाच्याची शिकवणी मीच घेतली. कपॅसिटर म्हणजे टाकी. रेझिस्टर म्हणजे टाकीच्या तोंडाशी अर्धवट पिळलेली चावी. टाकी फार मोठी घेतली तर? तर ती धक्क्यांबरोबर उपयोगाची चढ-उतारही गिळते. म्हणजे टाळांची किणकिण जाते आणि बुवा गोधडीतून बोलू लागतात. फार लहान घेतली तर धक्के तसेच पुढे. म्हणून मोजून घ्यायची: पिनेपुढे २७० ओहमचा रेझिस्टर, मग जमिनीकडे जाणारा १५० चा, आणि त्याच्या बाजूला ३३ नॅनोफॅरडची टाकी. या दोन रेझिस्टरांमुळे ३.३ व्होल्टचे सव्वा व्होल्टच्या आत येतात, नाहीतर कान उडाला असता. आणि लाइनला थेट मोटार लावून ओढणारे असतात, त्यांचं इथे काय? भाचा म्हणाला, "त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात, मामी. तो आपण लावणार नाही." मला बरं वाटलं. आपण नियमातले लोक.

जायकवाडीहून पाणी आणायची एक नवी योजना आहे, मंजूर झाली तेव्हा १६८० कोटींची होती. ती पुरी झाली की रोज पाणी येईल म्हणतात. मग इथल्या पोरांना पीडब्ल्यूएम कसं समजावायचं, हा प्रश्न कॉलेजांनी आत्तापासून विचारात घ्यावा.

उस्मानपुऱ्याकडून सुटे भाग आणले. सगळे मिळून चहाच्या बिलात बसले. कणीक मळायच्या ओट्यावर सोल्डरिंगची भट्टी लागली आणि पोळ्यांना राळेचा वास येऊ लागला. सोल्डर करता करता भाच्याने एक किस्सा सांगितला, तो मला अजून पचलेला नाही. म्हणे, २०१२ सालीच लोकांनी शोधून काढलं की या रास्पबेरीच्या चौथ्या जीपीआयओला हातभर वायर लावली आणि एक छोटा प्रोग्राम चालवला, तर ती एफएमचं प्रक्षेपण करते. शेजारच्या रेडिओत चक्क आपला आवाज. म्हणजे हे यंत्र गल्लीभर लोकांच्या रेडिओत शिरू शकतं, पण स्वतःला लावलेल्या कानात शिरायचं म्हटलं की त्याला इतकी सामग्री लागते. काही माणसं अशी असतात, पण यंत्राकडून अपेक्षा नव्हती. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं आपल्याकडे गुन्हा आहे, हे मी त्याला निक्षून बजावलं. आकाशवाणी चौक आमच्या घरापासून काही फार लांब नाही.

दोन पिना, दोन फिल्टर, डाव्या-उजव्या कानाला एकेक, पुढे हेडफोनचं भोक. त्या भोकाची एक गंमत सांगायला हवी. त्याचा जाडजूड पूर्वज १८७८ च्या सुमाराचा, टेलिफोन एक्स्चेंजमधला. बायका डोक्याला यंत्र लावून ज्या पिना इकडून काढून तिकडे खोचत, त्याच पिनेचं हे नातवंड. सासूबाईंना मोठे हेडफोन चढवले तेव्हा त्या आरशासमोर गेल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ट्रंक कॉल लावणारी बाई दिसतेय मी." दीडशे वर्षांचा इतिहास त्यांनी काही न वाचता सांगितला.

बटण दाबलं. आवाज आला. थोडी सूं होती, पण बुवा स्पष्ट होते, टाळ खणखणीत. भाचा हरखला. सासूबाई मात्र डोळे मिटून, भुवया जवळ आणून ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून म्हणाल्या,

"पखवाजाची कणीक वाळलीय."

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो. कणीक वाळली की घुमारा जातो, नुसता चामड्याचा टपटपाट राहतो. हे पैठणला माहेर असलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. "आजी, रेकॉर्डिंगच तसं असेल," भाचा म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या कीर्तनाला त्या स्वतः मांडवात बसलेल्या होत्या.

भाचा वही घेऊन बसला आणि रात्री उशिरा उठून आला तो पडेल चेहऱ्याने. फिल्टरच्या पुढे आणखी एक कपॅसिटर असतो, दहा मायक्रोफॅरडचा. पिनेची सरासरी कधी शून्य नसते, काही व्होल्टेज कायमचं साचून राहतं, आणि ते हेडफोनमधल्या पडद्याला नुसतं एका बाजूला ढकलून धरतं. कानाला हललेलं हवं, साचलेलं नको. म्हणून हा कपॅसिटर साचलेलं अडवतो आणि हलणारं जाऊ देतो. पण फार सावकाश हलणारं, म्हणजे खर्जातलं, त्यालाही साचल्यासारखंच वाटतं. हे मूळ सर्किट ॲम्प्लिफायरला जोडायचं म्हणून काढलेलं. ॲम्प्लिफायरचा विरोध हजारो ओहमचा, तिथे दहा मायक्रोफॅरडही भरपूर. हेडफोनचा विरोध अवघा ३२ ओहम. त्यात फिल्टरच्या रेझिस्टरांचा विरोध धरून हिशेब केला तर १२४ हर्ट्झ आला. त्याच्या खाली आवाज ओसरत जातो, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा मुक्काम नेमका त्या भागात. गाईडना जे मोजणीच्या यंत्रावर दिसलं असतं, ते सासूबाईंनी कणकेवर ओळखलं.

मोठा कपॅसिटर लावला की झालं. पण रात्रीचे अकरा वाजलेले, दुकानं बंद, आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी दुपारी. भाचा झोपला. सासूबाई पहाटे उठल्या, कणीक वाळलेल्या पखवाजासकट हेडफोन कानांवर चढवून बसल्या. आणि त्या पहाटे नळ आला.

आमच्याकडे नळ येण्याची बातमी सासूबाईच देतात. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तिचा फुसकारा त्या तीन खोल्यांपलीकडून ओळखतात. मग "पाणी आलं" ही हाक, मग बादल्या, मोटार, पाइप, यांचं पांघरूण ओढणं. पंचवीस वर्षांत ही हाक चुकली नव्हती. त्या पहाटे दोन्ही कान बुवांकडे होते. पाऊण तास नळ फुसफुसला, वाहिला आणि गेला. सातला उठून यांनी तोंडाला लावलेली टूथपेस्ट तशीच राहिली, कारण गच्चीवरच्या फिल्टरमध्ये काही नव्हतं. पुढची पाळी कधी, हे गल्लीत ज्याला त्याला विचारून झालं. टँकरवाल्याने फोन उचलला नाही.

नाश्त्याला घरात बैठक बसली. आवाज फक्त आजीच्या कानात, या कलमाला ज्यांनी धावत मंजुरी दिली होती, त्यांनीच दुरुस्ती सुचवली: एका कानात. दुसरा कान नळाकडे. यावर कुणाचंही दुमत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मी तर आधीपासून म्हणतेय, दोन कशाला? बुवा एकच आहेत." आणि ते खरं होतं. त्या सगळ्या कॅसेट एकाच मायक्रोफोनवर भरलेल्या. डाव्या कानात जे, तेच उजव्यात.

भाच्याच्या डोक्यात काहीतरी हललं. त्याने चहा तसाच सोडून सोल्डरिंग गरम केलं, उजव्या कानाचा फिल्टर उखडला, त्यातला दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला आणि डाव्याच्या कपॅसिटरला खांद्याला खांदा लावून जोडून टाकला. दहा आणि दहा वीस. १२४ चे ६२ झाले. सासूबाईंनी एक कान झाकला, एक उघडा ठेवला, बटण दाबलं. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला.

"लावली कणीक," त्या म्हणाल्या.

अहवाल तोवर छापून, स्पायरल घालून तयार होता. भाच्याने त्यात पेनाने दुरुस्ती केली. 'ध्वनी: स्टीरिओ' यातला स्टीरिओ खोडून 'मोनो' लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'पाणीपुरवठा'. गाईड सर म्हणाले, हे असलं चालत नाही, बाहेरचे परीक्षक आहेत, तुझे मार्क जातील. पण आता पान बदलायला वेळ नव्हता.

तोंडी परीक्षेला परीक्षक आले. दुसऱ्या कॉलेजचे, पण राहायला हर्सूलकडे. त्यांनी डबी पाहिली, बटण दाबून थोडं कीर्तन ऐकलं, अहवाल उलटत त्या पानावर आले. चष्मा वर करून तो रकाना वाचला. गाईड सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"कुठे राहतो तू?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, सिडकोत. मामाकडे."

"तिकडे सध्या किती दिवसांनी येतंय?"